शहाण्णव तास

२०२३ चा जून आमच्या घरात रुबिक क्यूबच्या आवाजाचा होता. ओंकारची बारावी झाली होती, सीईटीचा निकाल लागला होता, प्रवेशाच्या याद्या अजून लागायच्या होत्या. पाऊसही लांबला होता. दिवसभर पंखा, उकाडा आणि त्याच्या बोटांतली ती खटखट. जेवताना क्यूब, अंघोळीला नंबर लावून उभा असला तरी हातात क्यूब. "अरे, ताटावर तरी ठेव तो बाजूला," हे मी दिवसातून चारदा म्हणत असेन.

२० तारखेला, मंगळवारी सकाळी पोळ्या लाटत होते तेव्हा शाळेच्या ग्रुपवर पहिला विनोद आला. टायटॅनिकचे अवशेष बघायला गेलेली एक छोटी पाणबुडी अटलांटिक महासागरात बेपत्ता आहे, आत पाच माणसं आहेत, एवढं आदल्या रात्री बातम्यांत ऐकलं होतं. विनोद त्या माणसांच्या पैशावर होता. मी हसले. पीठ लागलेल्या बोटाने तो ऑफिसच्या ग्रुपवर पुढेही पाठवला. तिथे दोन मिनिटांत सात हसरे चेहरे आले.

हे मी लिहून ठेवते आहे, कारण पुढचं सगळं त्या सात चेहऱ्यांपासून सुरू होतं.

टायटन ही खरं म्हणजे आपण म्हणतो तशी पाणबुडी नव्हती. पाणबुडी आपली आपण बंदरातून निघते आणि आपली आपण परत येते. हिला पोलर प्रिन्स नावाच्या जहाजाने कॅनडातल्या सेंट जॉन्स बंदरातून ओढत न्यायचं आणि बरोबर टायटॅनिकच्या डोक्यावर पोचलं की पाण्यात सोडायचं. साडेसहा मीटर लांबीचं नळकांडं ते. आत खुर्च्या नाहीत, पाच जणांनी पाय दुमडून जमिनीवर बसायचं. पुढे एक गोल खिडकी. झाकण बाहेरून बोल्टने आवळलेलं, म्हणजे ती कुठे वर येऊन तरंगत असली तरी आतल्यांना दार उघडून मोकळा श्वास घेता येणार नाही. आणि चालवायला व्हिडिओ गेमचा कंट्रोलर, कुठल्याही दुकानात मिळतो तसला. तिकीट अडीच लाख डॉलर, म्हणजे आपले दोन कोटींच्या वर.

दोन कोटी आणि गेमचा कंट्रोलर. हसायला लोकांना आणखी काय लागतं?

"पैसा जास्त झाला की असं होतं." "हौसेला मोल नाही, पण जिवाला असतं." "यांना कुणी सांगितलं होतं तिथे तडमडायला?" ही वाक्यं मी त्या चार दिवसांत ट्रेनमध्ये ऐकली, ऑफिसात ऐकली, सोसायटीच्या लिफ्टमध्ये ऐकली. सगळी बरी माणसं होती. त्यातल्या एक जण तर रस्त्यावर कुत्र्याचं पिल्लू गाडीखाली आलं तर दोन दिवस जेवत नाहीत.

आणि त्याच वेळी सगळे घड्याळाकडे बघत होते. आत शहाण्णव तास पुरेल एवढा ऑक्सिजन होता, हे एकदा कळल्यावर जगाला मोजायला आकडा मिळाला. अमेरिकेतल्या एका वाहिनीने तर पडद्यावर उलटं घड्याळच लावलं. मंगळवारी कॅनडाच्या विमानाने पाण्यात टाकलेल्या यंत्रांना ठोकल्यासारखे आवाज ऐकू आले, अर्ध्या अर्ध्या तासाने, अशी बातमी आली. ती ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. कुणीतरी आतून ठोकतंय. म्हणजे जिवंत आहेत. पण त्या आवाजावरही विनोद यायला तासही लागला नाही.

मला २००६ सालचा प्रिन्स आठवला. हरयाणातल्या एका खेड्यात कूपनलिकेच्या खड्ड्यात साठ फूट खाली पडलेला पाच वर्षांचा मुलगा. तेव्हा ओंकार एक वर्षाचा होता, त्याला मांडीवर घेऊन मी टीव्हीसमोर बसले होते. पन्नास तास. आमच्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता ते आमच्या दारात उभे होते. त्याला वर काढलं तेव्हा शेजारच्या काकूंनी देवापुढे साखर ठेवली. थायलंडच्या गुहेत २०१८ मध्ये फुटबॉलची मुलं अडकली तेव्हाही तसंच. आपल्या किर्लोस्करांची माणसं तिथे पाणी उपसण्याच्या कामाला मदत करायला गेलीत हे वाचून सांगलीच्या माझ्या मावसबहिणीने मला मुद्दाम फोन केला होता. कोंडलेलं माणूस, सरत चाललेली हवा आणि बाहेर जीव मुठीत धरून बसलेलं जग, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. या खेपेला तीच गोष्ट होती. मग साखर ठेवणारे हात कुठे गेले?

बुधवारी संध्याकाळी हे मी ओंकारला बोलून दाखवलं. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "आई, गेल्या आठवड्यात ग्रीसजवळ सातशे लोक बुडाले. त्यांच्यासाठी कुणी जहाजं पाठवली? या पाच जणांसाठी चार देशांची विमानं फिरतायत."

"कधी बुडाले?"

"चौदा तारखेला."

"आणि तुला कधी कळलं?"

तो थांबला. क्यूब खाली ठेवला. "आत्ताच. या पाणबुडीच्याच पोस्टखाली कुणीतरी लिहिलं होतं."

मलाही तेव्हाच कळलं होतं, त्याच्याकडून.

ती बोट मी नंतर शोधून वाचली. एड्रियाना तिचं नाव. मासेमारीची जुनी बोट, लिबियातल्या तोब्रुकहून इटलीकडे निघालेली. आत साडेसातशेपर्यंत माणसं होती असा अंदाज आहे. नक्की आकडा कुणालाच माहीत नाही, कारण यादीच नव्हती. इजिप्त, सीरिया, पाकिस्तान, पॅलेस्टाइनची माणसं. बायका आणि मुलं खालच्या भागात होती. १४ जूनच्या मध्यरात्रीनंतर ग्रीसच्या पायलोसजवळ ती उलटली. १०४ जण वाचले, सगळे पुरुष. मृतदेह मिळाले ८२. बाकीचे सगळे बोटीसकट खाली गेले, भूमध्य समुद्राच्या सर्वांत खोल भागाच्या आसपास. त्या बाजूला काही ठिकाणी तळ पाच हजार मीटरहून खाली आहे. टायटॅनिकपेक्षाही खोल.

पाकिस्तानातून आलेले शेकड्यांनी होते. कोटली जिल्ह्यातल्या एकाच गावातले वीसहून जास्त तरुण. जमीन विकून, दागिने मोडून दलालांना पैसे दिलेले. तिकीट त्यांनीही काढलं होतं. आणि टायटनमध्ये बसलेले शहजादा दाऊद आणि त्यांचा मुलगा सुलेमान हे मूळ कराचीच्या उद्योगपती घराण्यातले. एकाच देशाची माणसं, चार दिवसांच्या अंतराने, दोन समुद्रांत. १९ जूनला पाकिस्तानात राष्ट्रीय दुखवटा होता तो एड्रियानासाठी. त्याच सुमारास दाऊद कुटुंबाचीही बातमी फुटली.

ओंकारचा राग खोटा नव्हता. पाच माणसांसाठी अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि ब्रिटन धावले, आणि त्या बोटीचा ठावठिकाणा तासन् तास माहीत होता तरी वेळेवर कुणी माणसं काढून घेतली नाहीत. बराक ओबामा त्याच आठवड्यात अथेन्सला होते, त्यांनीही हे बोलून दाखवलं. हे बोलायलाच हवं होतं.

पण मी त्या पोस्टखालची उत्तरं वाचत गेले. शेकडो. "सातशे गरीब मेले तेव्हा कुठे होतात?" आणि त्याच्याखाली त्याच माणसाने टाकलेला, पाच जणांवरचा विनोद. त्या सातशे जणांबद्दल दुसरं एकही वाक्य नाही. ते कोण होते, कुठून निघाले, बोट का उलटली, काही नाही. मला ते फार लागलं. बुडून मेलेल्या माणसांना काठी करून आपण दुसऱ्या बुडालेल्यांना मारत होतो. आणि मारून झाल्यावर काठी टाकून दिली. आठवड्याभरात पाणबुडी विसरली गेली आणि तिच्याबरोबर एड्रियानाही.

माझ्या आजीचं माहेर अलिबाग तालुक्यातलं. तिचा थोरला भाऊ गिरगावात एका खाणावळीत कामाला होता. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली, तीत तो होता. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आलं होतं. सहाशेहून जास्त माणसं गेली. मुंबईलासुद्धा ही बातमी कित्येक तासांनी कळली, मग आमच्या त्या वाडीत कधी पोचली असेल! आजी तेव्हा अकरा वर्षांची. तिचे वडील दुसऱ्या दिवशी पहाटे रेवसला चालत गेले आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. आजी एवढंच सांगायची, की त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, त्या एकमेकींना चिकटवून नीट भिंतीशी ठेवल्या आणि ओटीवर बसले. कुणी काही विचारलं नाही. आईने पाणी दिलं ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

भाऊ मिळालाच नाही. आजी मरेपर्यंत "बुडाला" म्हणाली नाही. "रामदासावर गेला" म्हणायची. जसा काही कामाला गेलाय.

रेवसचे कोळी त्या सकाळी ताजी मासळी घेऊन मुंबईकडे निघाले होते. वाटेत पाण्यात माणसं दिसली तशी त्यांनी मासळी समुद्रात लोटली आणि मचव्यांत माणसं भरली, असं आमच्याकडे सांगतात. एका फेरीची सगळी कमाई. बोटीवर गिरगाव-परळचे गिरणीतले, खाणावळीतले लोक होते तसे साहेबलोकही होते. पाण्यात हात वर आलेला दिसला की तो कुणाचा हे बघायला वेळ नसतो.

हे लिहिताना मला भीती वाटते आहे की मी त्या काळाला उगाच सोन्याचा मुलामा देतेय. तसं करायचं नाहीये. म्हणून एड्रियानाचीच एक गोष्ट सांगते, ती २०२३ ची आहे. त्या रात्री जवळपास असलेल्या ज्या जहाजांना मदतीला बोलावलं त्यांत मायन क्वीन नावाची यॉट होती. नव्वद मीटरहून लांब, एका अब्जाधीश कुटुंबाची. वाचलेल्या १०४ पैकी शंभर जणांना तिनेच कलामाताच्या बंदरात आणून सोडलं. समुद्राच्या रात्रभराच्या थंडीने काकडलेली, एका कपड्यानिशी वाचलेली पोरं त्या चकचकीत यॉटवरून धक्क्यावर उतरली. गरिबांची बोट आणि श्रीमंतांचं नळकांडं अशी जी सोपी वाटणी आम्ही सगळ्यांनी त्या आठवड्यात करून टाकली होती, तीत ही यॉट मला अजून कुठे बसवता आलेली नाही.

टायटनबद्दल राग यावा असं पुष्कळ आहे, आणि तो मला आजही आहे. पण तो तिकिटाच्या किमतीचा नाही. त्या कंपनीचा, ओशनगेटचा, सागरी कामकाजाचा प्रमुख डेव्हिड लॉकरिज याने २०१८ मध्येच लिहून दिलं होतं की या सांगाड्यावर विश्वास ठेवता येत नाही. त्याला नोकरीवरून काढलं. त्याच वर्षी या क्षेत्रातल्या तीन डझनांहून जास्त जाणकारांनी कंपनीचा मालक स्टॉक्टन रश याला पत्र लिहिलं, की त्रयस्थ संस्थेकडून तपासणी करून घ्या, तुमचे हे प्रयोग जिवावर बेततील. त्याने करून घेतली नाही. नियम नवीन कल्पनांच्या आड येतात असं त्याचं म्हणणं होतं. खोल जाणाऱ्या अशा यानांचा माणसं बसण्याचा भाग बहुधा टायटॅनियमचा गोल करतात. आपल्या समुद्रयान मोहिमेतलं मत्स्य ६००० चेन्नईला घडतंय तेही तसंच आहे. रशने मात्र कार्बन फायबरचं नळकांडं केलं. जुलै २०२२ मध्ये एका फेरीत वर येताना मोठा आवाज झाला, सांगाड्याचे थर सुटल्याची खूण यंत्रांनी नोंदवली. त्यानंतरचा हिवाळा टायटन सेंट जॉन्समध्ये उघड्या पार्किंगमध्ये, बर्फात पडून होती. आणि बसणाऱ्यांना 'प्रवासी' म्हणायचं नाही, 'मिशन स्पेशालिस्ट' म्हणायचं, म्हणजे प्रवाशांचे नियम लागत नाहीत. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा चौकशी अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. हा अपघात टाळता आला असता, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

ज्याने सावध केलं त्याला घरी बसवलं, ही गोष्ट आपल्याकडे कुठल्याही लाँचच्या धक्क्यावर, कुठल्याही कारखान्यात घडू शकते. तिच्यावर बोलायला हवं होतं. आम्ही कंट्रोलरवर बोललो.

शुक्रवारी, २३ जूनला सकाळी उठले तेव्हा सगळं संपलं होतं. दूरनियंत्रित यंत्राला टायटॅनिकच्या पुढच्या टोकापासून सुमारे पाचशे मीटरवर तुकडे सापडले होते. पाण्याच्या दाबाने टायटन आत चिरडली गेली होती. तिथे तळाशी करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर जवळपास ३८० किलोचा भार असतो. एका क्षणाचाही बारीक तुकडा लागला असेल. मेंदूपर्यंत दुखणं पोचण्याआधी सगळं झालेलं.

आणि मग कळलं की हे झालं रविवारीच. अमेरिकी नौदलाच्या यंत्रांनी रविवारीच तसा आवाज टिपला होता. तिथल्या घड्याळात सकाळचे १० वाजून ४७ मिनिटं झाली होती, दोन वजनं सोडल्याचा मजकूर वर जहाजावर आला, आणि त्यानंतर काहीच आलं नाही. आपल्याकडे तेव्हा रविवारची संध्याकाळ होती. १८ जून. फादर्स डे होता तो. ओंकारने बाबांसाठी केक आणला होता. आम्ही केक कापला त्याच्या आगेमागे केव्हातरी.

म्हणजे मंगळवारी मी पोळ्या लाटताना हसले ते दीड दिवसापूर्वी गेलेल्या माणसांवर. ते ठोकल्याचे आवाज कुणाचेच नव्हते. घड्याळातला ऑक्सिजन श्वास घ्यायला कुणी उरलेलंच नव्हतं. शेजारी मयत झालेली असताना आपल्याला कळलेलं नसतं आणि आपण रेडिओ मोठ्याने लावलेला असतो, तेव्हा नंतर जसं वाटतं तसं मला वाटत राहिलं. 'मरणान्तानि वैराणि' म्हणतात. रावणाबद्दल म्हटलेलं आहे ते. या पाच जणांशी माझं तर वैरही नव्हतं.

त्यांच्यातला पॉल-आंरी नार्जोले ७७ वर्षांचा होता आणि टायटॅनिकपर्यंत ३७ वेळा जाऊन आला होता. ५८ वर्षांचा हॅमिश हार्डिंग. २०२२ मध्ये नामिबियातून आपल्याकडे कुनोला आठ चित्ते आले, त्या विमानाच्या व्यवस्थेत त्याची कंपनी होती. आपण टाळ्या वाजवल्या होत्या त्या विमानाला. स्वतः रश. त्याच्या बायकोचे खापरपणजी-खापरपणजोबा १९१२ मध्ये टायटॅनिकवरच गेलेले. आणि दाऊद बाप-लेक.

पुढच्या आठवड्यात सुलेमानच्या आईची मुलाखत आली. ती मी ऑफिसमधून येताना लोकलमध्ये वाचली. ती आणि तिची मुलगी दोघी वर पोलर प्रिन्सवरच होत्या. टायटनमधली ती जागा आधी आईची होती. मुलाला जायचं होतं म्हणून तिने ती सोडली. १९ वर्षांचा सुलेमान बरोबर रुबिक क्यूब घेऊन गेला होता. कुठेही जाताना तो न्यायचाच, बारा सेकंदांत सोडवायचा. समुद्राच्या तळाशी टायटॅनिकजवळ क्यूब सोडवून त्याला विक्रम करायचा होता, आणि चित्रण करायला बापाने कॅमेरा घेतला होता. शहाण्णव तास उलटले तेव्हा तिने आशा सोडली. मुलीने मात्र तटरक्षक दलाचा फोन येईपर्यंत सोडली नव्हती.

मुलुंडला उतरायचं होतं, मी ठाण्याला उतरले. फलाटावर बाकावर बसून राहिले.

घरी आले तर आतून खटखट ऐकू येत होती. ओंकारचा सर्वांत चांगला वेळ तेव्हा एकवीस सेकंद होता. मी त्याला मुलाखत वाचायला दिली. त्याने वाचली, फोन परत दिला आणि बराच वेळ क्यूब हातात नुसता धरून बसला. त्या आई-मुलीने ठरवलं होतं की सुलेमानसाठी आपण क्यूब शिकायचा. मी ओंकारला म्हटलं, मलाही शिकव. त्याने विचारलं नाही का ते. शेजारी सरकून बसला, सगळे रंग पिसकटले आणि क्यूब माझ्या हातात दिला. "आधी पांढरा क्रॉस," म्हणाला. "मधला तुकडा कधीच हलत नाही, तो बघून ठेव." माझी बोटं चुकली की तो माझ्या हातांवर हात ठेवून वळवायचा. दोन थर मला आता जमतात. तिसरा थर लावायला गेले की खालचे दोन मोडतात.

त्या क्यूबमुळे मी रडले हे मला माहीत आहे. त्या पोराच्या खिशात काय होतं ते मला कळलं, म्हणून. एड्रियानाच्या पोटात जी मुलं होती त्यांच्यातल्या एकाच्याही हातातली वस्तू मला माहीत नाही. किती मुलं होती तेही नाही. मी शोधत राहिले, कितीतरी दिवस. आकडे मिळायचे, बोटीचा वरून काढलेला फोटो मिळायचा, त्यात डेकवर मुंग्यांसारखी माणसं.

मग एक मिळालं. कलामाताच्या बंदरात वाचलेल्यांना एका गोदामात ठेवलं होतं, पुढे लोखंडी कठडे लावून. नेदरलँड्सहून एक सीरियन माणूस तिथे आला होता, आपला अठरा वर्षांचा धाकटा भाऊ त्यांच्यात आहे का बघायला. तो होता. फोटोत मध्ये कठडा आहे. थोरल्याने पलीकडे हात घालून धाकट्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलंय, कपाळावर ओठ टेकलेत, आणि डोळे गच्च मिटलेत.

तो फोटो मी आजीला दाखवू शकले असते तर बरं झालं असतं. तिने आधी धाकट्याच्या अंगावरचे कपडे कोरडे आहेत का ते बघितलं असतं.